बारा आण्यांचा पाहुणचार

माझं काम गोळ्या मोजण्याचं. सरकारी भाषेत मी औषधनिर्माण अधिकारी, पण बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही औषध निर्माण केलेलं नाही. गोदामातून आलेलं, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध खिडकीतून द्यायचं, ते कसं घ्यायचं ते सांगायचं आणि दिलेलं रजिस्टरला लिहायचं, एवढंच. यात दिवाळी अंकात लिहिण्यासारखं काही नाही असं मी संपादकांना कळवलं होतं. पण या बत्तीसांपैकी अठरा वर्षं मी मनाच्या आजारांच्या पथकाबरोबर फिरलो, निम्मी नांदेड जिल्ह्यात आणि निम्मी लातूरला. त्यांतली पहिली नऊ-दहा वर्षं मी एक चूक अतिशय व्यवस्थितपणे, तारीखवार, निळ्या शाईने केली. ती लिहावी असं वाटलं.

आधीच सांगतो, माणसांची नावं आणि गावं बदलली आहेत. गोळ्यांची नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत. एकदा एका गृहस्थाने शेजाऱ्याला लागू पडलेल्या गोळीचं रिकामं पाकीट आणून "हेच द्या" असा तासभर हट्ट धरला होता. छापील नाव दिसलं तर काय होईल याचा मला अंदाज आहे.

पथक म्हणजे एक गाडी, मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, एक परिचारिका, चालक आणि मी. चार आठवड्यांतून एकदा, ठरलेल्या बुधवारी, प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात जायचं, एक खोली आणि तिला लागून एक खिडकी मागून घ्यायची आणि संध्याकाळी परत यायचं. गाडीवर पथकाचं लांबलचक नाव होतं, लोक मात्र तिला "येड्याची गाडी" म्हणायचे. म्हणून आमचे बरेचसे पेशंट आधीच्या थांब्यावर उतरून, दुसऱ्याच कामाला आल्यासारखे चालत यायचे. चिठ्ठीसाठी काय होतंय विचारलं की डोकं दुखतंय, पोटात गोळा येतोय, झोप न्हाई, असं सांगायचे. खोलीत पाच मिनिटं बसल्यावर खरं निघायचं, "जीव कशात लागंना."

हा आजार उदासपणाचा. उदास सगळेच होतात, मीही बदलीचा हुकूम आल्यावर आठ दिवस होतो. पण उदासी आठवडेच्या आठवडे हटत नाही, झोप, भूक आणि काम तिघांनाही धरून बसते, तेव्हा तिला औषध लागतं. हे औषध तापाच्या गोळीसारखं नाही. आज घेतलं आणि उद्या उतरलं असं होत नाही. दोन-चार आठवडे तर काहीच झाल्यासारखं वाटत नाही, उलट मळमळतं. या दिवसांत निम्मे लोक गोळ्या कोनाड्यात ठेवून देतात. त्यांनी तसं करू नये म्हणून समजावणं हाच माझ्या खिडकीचा खरा धंदा.

काही लोक समजावण्याच्या पलीकडचे असतात. माहूरकडच्या एका म्हातारीचा मुलगा गोळी घेत नव्हता. मी समजूत घालायचं शिकवलं, तिने त्याहून सोपं केलं. गोळ्या कुटून गडावरच्या प्रसादासारख्या विड्याच्या तांबुलात मिसळली. तांबूल एकट्याला कसा देणार? घरात सगळ्यांनी खाल्ला. त्या दिवशी दुपारी अख्खं घर झोपलं, दळण आणायला गेलेला जावई गिरणीतच झोपला. मुलगा तेवढा जागा होता, कारण त्याला तांबूल आवडत नव्हता. मी म्हातारीला चांगलंच बोललो, कारण न सांगता औषध देणं चूकच. पण त्या घरात कोणाला किती पोचलं याचा हिशोब मी गाडीत बसून दोनदा केला, तो काही जमला नाही.

उदगीर भागात एक निवृत्त तलाठी होते. उदगीर जिल्हा होणार ही बातमी ते गेली कित्येक वर्षं दर वेळी नव्याने सांगायचे. आधी लातूरच उस्मानाबादमधून फुटून निघालं, तेव्हा मी शाळेत होतो. त्यामुळे ते अशक्य आहे असं मलाही म्हणता येत नसे. त्यांनी पहिल्या दिवशीच अट घातली, "जिल्हा झाला की गोळी बंद." मी रजिस्टरच्या शेऱ्यात तसं लिहिलं. गोळी अजून चालू आहे, तब्येत उत्तम आहे.

आता माझ्या चुकीकडे येतो.

पेशंटला किती बरं वाटतंय हे मोजायला रक्त किंवा लघवी नाही. विचारावंच लागतं. नांदेडला असताना तेव्हाचे डॉक्टर विचारायचे, दहापैकी किती? धर्माबादच्या मिरची बाजारातला एक हमाल यावर बोटं मोजून म्हणाला, "सायब, धातलं कळत न्हाई. रुपयात इचारा." सोळा आण्यांचा रुपया चलनातून जाऊन जमाना झाला, पण आमच्याकडे पीक, पाऊस, नात्यातली तब्येत अजून आण्यांतच सांगतात. मला ते फार पटलं. त्या दिवसापासून मी वहीत रकाना आखला, 'आणे'. दर भेटीला गोळ्या देताना विचारायचं, रुपयात किती आणे बरं आहे? चार, सहा, नऊ, बारा. आकडे चढताना पाहून माझा जीव सुखावायचा. एका प्रशिक्षणात मी ही वही दाखवली, तेव्हा टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मी बायकोला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "ऐकलं. बारा आणे कौतुक वाटलं." तेव्हा मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

माझी लातूरला बदली झाली ते दुष्काळाचं वर्ष, पुढच्या उन्हाळ्यात तर शहराला रेल्वेने पाणी आलं. गावांना टँकर त्याआधीपासूनच. पिकाची सरकारी पैसेवारी पन्नासच्या आत गेली की दुष्काळ, हे पोराटोरांना पाठ झालेलं. "माझी पैसेवारी काढा," असं म्हणत पेशंट खिडकीशी यायचे.

पथकाच्या डॉक्टर नव्या होत्या, वाघमारे मॅडम. वय तिशीच्या आसपास, मूळच्या हिमायतनगरच्या. वडील पंचायत समितीत शिपाई, घरातली ही पहिली डॉक्टर. बोलणं कमी, आणि पेशंट बोलत असताना लिहीत नसत. मला ते बेशिस्त वाटायचं.

पावसाळा संपता संपता त्यांच्याकडे सरूबाई आल्या. कर्नाटकच्या सीमेकडचं गाव, वय पन्नास-बावन्न, चौथी शिकलेल्या. गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम बारा वर्षं त्यांच्याकडे. एकशे ऐंशी पोरं. बरोबर सून मीना. ती सांगत होती आणि सरूबाई भिंतीकडे बघत होत्या. सात-आठ महिन्यांपासून असं. कारण काय? मॅडमनी हे विचारलंच नाही. आधी सगळ्यांनी तेवढंच विचारलं होतं, आणि सरूबाईंना सांगण्यासारखं कारण सापडत नव्हतं म्हणून त्यांना अपराध्यासारखं वाटत होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलाचं बरं चाललं होतं. तरी पहाट झाली की छातीवर दगड.

आधी एका खाजगी डॉक्टरांनी गोळी दिली होती. केसपेपरवर शेरा होता, 'तीन महिने औषध, फरक नाही.' मॅडमनी विचारलं, "गोळी रोज घेत होतात?"

सरूबाई म्हणाल्या, "दोन दिसाआड."

कारण असं निघालं. त्या गोळीने तोंडाला कोरड पडायची, आणि सारखं पाणी प्यावं लागायचं. टँकर सहाव्या दिवशी, माणशी दोन घागरी. घरात दोन नातवंडं. आपण प्यालो तर पोरांच्या वाट्याचं जातं, म्हणून त्यांनी पाणी वाचवायला गोळी वाचवली. हे कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी समज करून घेतला की औषध लागू पडलं नाही. नोकरीला तेवीस वर्षं झाली होती तेव्हा, आणि गोळ्या का चुकवतात याची मोठी यादी माझ्याकडे होती, पण हे कारण त्या यादीत नव्हतं.

मॅडमनी तोंड इतकं कोरडं न पाडणारी दुसरी गोळी सुरू केली. मी रकाना आखला. पहिल्या दिवशी चार आणे. मग सहा. मग नऊ. तिसऱ्या महिन्यात बारा. पुन्हा बारा. पुन्हा बारा. रडणं थांबलं होतं, जेवण बरं होतं. वहीतली ती ओळ मला इतकी आवडली की मी ती मॅडमना गाडीत दाखवली. "पंचाहत्तर टक्के," मी म्हटलं, "पहिला वर्ग."

"मोरेसर, तुमच्या मुलीला दहावीला किती?"

"त्र्याण्णव."

"पंचाहत्तरला तुम्ही पेढे वाटले असते का?"

मी वही मिटली. वाटले नसते हे चालकालाही माहीत होतं.

त्यानंतरच्या फेरीत टँकरचा दिवस आणि आमचा बुधवार एकच आला. सरूबाई आल्या नाहीत, गोळ्या न्यायला मीना एकटी आली. रकाना रिकामा राहू नये म्हणून मी तिलाच विचारलं, सासूबाईंचं किती लिहू, बाराच ना?

मीना हसली. तोंडाला पदर लावून हसली, तरी ते हसूच होतं.

"सर, आत्या तुमाला बारा आणे मनत्यात व्हय?" सासूला ती आत्या म्हणायची. "आवं, कुणी इचारलं कसं हाय, तर बारा आणेच मनायचं आसतंय. सोळा मनलं तर दिष्ट लागती. आठ मनलं तर इचारणाऱ्याला वाईट वाटतंय. तुमी एवढ्या लांबून गाडी घेऊन येताव."

मी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. "मग खरं किती?"

"सात." मग म्हणाली, "आठ मना. तुमी गोळ्या देताव मनून."

तिने माझ्यासमोर एक आणा पाहुणचाराचा वाढला आणि तिला ते कळलंही नाही.

सातच कशावरून, असं मी विचारलं. ती म्हणाली, आत्या भांडत न्हाईत. सरूबाईंचं भांडण गावात प्रसिद्ध होतं. खिचडीला कमी तांदूळ आले तर मुख्याध्यापक खोलीतून बाहेर यायचे नाहीत, सरूबाई शांत झाल्याची खात्री करून यायचे. टँकरची रांग त्या एकट्या लावायच्या, आणि चालक पाइप कोणाकडे द्यायचा ते त्यांना विचारायचा. आता त्या रांगेच्या शेवटी घागर घेऊन उभ्या राहायच्या. कोणी पुढे घुसलं तरी बोलायच्या नाहीत. तळाचं गढूळ पाणी घेऊन यायच्या. रडत नव्हत्या हे खरं. पण शाळेत एक दिवस खिचडी शिजवायला गेल्या आणि पातेल्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. तेव्हापासून ते काम त्यांची जाऊ करत होती. दुष्काळामुळे सुट्टीतही शाळेत जेवण चालू राहणार होतं आणि जावेचा हात बसत चालला होता. जूनमध्ये शाळा उघडली की समिती बसणार आणि काम कायमचं कोणाला ते ठरवणार.

"काम गेलं तर जाऊ द्या," मीना म्हणाली, "पर त्यास्नी त्याचं वाईटबी वाटंना. ह्याचंच भ्या वाटतंय मला."

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी वही उघडली. चालू पेशंट चौसष्ट. त्यांपैकी एक्केचाळीस जणांपुढे शेवटचा आकडा बारा. बहुतेकांचे आकडे चढत चढत बारावर येऊन थांबले होते, जसे पाहुणे ओसरीपर्यंत येऊन थांबतात. ते आकडे खोटे नव्हते. ते माझ्यासाठी होते. मी विचारत होतो तब्येत, आणि लोक मला चहा देत होते.

मला हिमायतनगर भागातला एक शिंपी आठवला. तीन वर्षं बारा आणे. यंत्रावर बसतो का, हे मी कधी विचारलं नाही, कारण रकान्यात ते नव्हतं. बदली झाली आणि ती वही तिकडेच राहिली. त्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. हे मात्र मला आणे-पैत मोजता येत नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या नाहीत, मग अर्ध्या रस्त्यात एकदम हसल्या. "माझी आजीसुद्धा बारा आणेच म्हणायची," त्या म्हणाल्या. "आणि तेव्हा ती आजारी होती." मग म्हणाल्या, "रकाना ठेवा सर. फक्त प्रश्न बदला. आधी काय करत होतात, जे आता करत नाही?"

पुढच्या फेरीला सरूबाई स्वतः आल्या. मॅडमनी लगेच गोळी बदलली नाही, हे सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की डॉक्टर फरक पडला नाही की पाकीट बदलतात. आधी तपासायचं असतं. गोळी खरोखर रोज घेतली का? हे माझं काम. मी उरलेल्या गोळ्या मोजल्या, बरोबर निघाल्या, एकही जास्त नाही. मात्रा पुरेशी होती का? पुरेसे आठवडे झाले का? दुसरं काही दुखणं त्याच रूपात लपलेलं नाही ना? रक्त तपासलं. थायरॉईड ठीक, रक्त थोडं कमी, त्याची गोळी दिली. मात्रा वाढवून पाहिली. हात थरथरायला लागले, मनाला फारसा फरक नाही. एवढं झाल्यावर मग दोन वाटा उरतात, चालू औषधाला दुसऱ्याची जोड द्यायची किंवा औषधच बदलायचं. एप्रिलच्या भेटीत मॅडमनी बदल सुचवला.

सरूबाईंना तो मान्य नव्हता. त्यांनी कनवटीची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"हिनं माझं रडू बंद केलं. आता हिला सोडायची? हिनं काय गुन्हा केला? बेइमानी हाय ही."

मॅडम म्हणाल्या, गुन्हा काही नाही. हिला जेवढं जमलं तेवढं हिने केलं. एकच औषध प्रत्येकाला पुरतं असं नसतं, आणि पहिल्या-दुसऱ्याने पुरतं काम झालं नाही तर तो पेशंटचाही दोष नसतो. सरूबाईंनी ते ऐकून घेतलं. मग खरं ते बोलल्या.

"पुन्हा तसं झालं तर? पहाटंचं?"

हाच प्रश्न होता. त्या चार आण्यांवर एकदा राहून आल्या होत्या. आता हातात जे काही होतं, सात म्हणा, आठ म्हणा, ते सोडून अंदाजाने पुढे जायचं. मीना खाली बघत होती. मॅडमनी धोका लपवला नाही. बदलताना पहिले पंधरा दिवस त्रास होऊ शकतो, झोप बिघडेल, मळमळेल. जगणं नको असं मनात आलं तर त्याच दिवशी फोन करायचा, बुधवारची वाट बघायची नाही. त्या काळात घरच्यांनी लक्ष ठेवायचं. सहा आठवड्यांत काही झालं नाही तर जुन्या गोळीकडे परतायची वाट उघडी आहे. "पण ठरवायचं तुम्ही," त्या म्हणाल्या.

सरूबाई बाहेर आल्या आणि माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या. मागे रांग होती.

"गोळ्यावाले सायब, तुमची आई आसती तर काय केलं आसतं तुमी?"

खिडकीतून सल्ला द्यायचा नाही हा माझा नियम. तो मी पाळला. नवी गोळी किती लागू पडेल ते मला माहीत नाही, असंच सांगितलं. "पण एक करा, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. सात असेल तर सात सांगा. मी सात लिहीन."

त्यांनी मीनाकडे पाहिलं. घरातली गोष्ट बाहेर कोणी सांगितली ते त्यांच्या लक्षात आलं होतं. मीनाने छताकडे पाहिलं.

"करा बदल," सरूबाई म्हणाल्या. "पर शाळा उघडायच्या आत."

गोळी बदलणं म्हणजे चप्पल बदलणं नव्हे, की एक काढली आणि दुसरी घातली. जुनी हळूहळू उतरवायची, नवी हळूहळू चढवायची, आणि कोणती कशी उतरवायची ते डॉक्टरांनी ठरवायचं. मी कागदावर तीन आठवड्यांची आखणी करून दिली. सूर्य काढला तिथे सकाळची, चंद्र काढला तिथे झोपतानाची, अर्धी गोळी असेल तिथे अर्धं वर्तुळ. त्यांच्या घरात टँकरच्या पाळ्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडलेल्या असायच्या, कोणत्या दिवशी किती घागरी. मीनाने त्याखाली गोळ्यांची दुसरी ओळ सुरू केली. सरूबाईंनी नव्या गोळीबद्दल एकच विचारलं, हिनं तहान लागती का? थोडी लागू शकेल, मी म्हटलं, आणि लागली तर प्यायचं आणि इथे सांगायचं. दोन्ही गोष्टी मी कागदावरही लिहिल्या.

पहिले दहा दिवस वाईट गेले. पथकाच्या फोनवर मीनाचा तीनदा फोन आला. मळमळ, झोप नाही, घरात येरझाऱ्या. मॅडम प्रत्येक वेळी सरूबाईंशी स्वतः बोलल्या. मला तेव्हा काही काम नव्हतं म्हणून मी औषधांच्या साठ्याची मोजणी दोनदा केली. तिसऱ्या आठवड्यात त्रास गेला, पण दुसरं काही आलंही नाही. चौथ्या आठवड्यात भेटीला आल्या तेव्हा सरूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सहा." जुन्या आकड्याहून एक कमी. मी सहा लिहिलं. मीनाचा चेहरा पडला होता. खरं सांगायचं तर, माझाही. मॅडम म्हणाल्या, सहा आठवडे म्हटलंय, चार झालेत.

पाचव्या आठवड्यात मीनाचा फोन आला. मॅडमना नाही, मला. कोणीतरी रांग मोडून पुढे गेलं होतं आणि सरूबाई शेवटून म्हणाल्या होत्या, "पायप हिकडं धर." एवढंच. पुढे काही नाही. चालकाने मात्र पाइप त्या दिशेला धरला होता.

"येवढंच बोलल्या," मीना म्हणाली, "पर आख्खी रांग मागं बघाय लागली."

मी ते वहीत लिहिलं. कोणत्या रकान्यात ते कळेना म्हणून समासात लिहिलं.

जूनच्या मध्यात शाळा उघडली. त्यानंतरच्या बुधवारी मी गोळ्या वाटत होतो. सरूबाईंना अठ्ठावीस दिवसांच्या अठ्ठावीस दिल्या, सही घेतली आणि पुढचा कागद हातात घेतला. त्या हलल्या नाहीत. पाकिटं उघडून कठड्यावर ओळीने मांडली आणि बोटाने मोजू लागल्या. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या.

"बरोबर."

"बरुबर कसं?" आवाज चढला. "ह्यो कागद कुणी लावलाय हितं? पुढच्या म्हैन्यात त्या बुधवारी सुट्टी हाय, गाडी बेस्तरवारी येनार. मंजी एकोणतीस दिस. एक दिस मी काय खाऊ, तुमचा कागद?"

सूचनेचा तो कागद माझ्याच अक्षरात, माझ्याच खिडकीवर चिकटवलेला होता. मी तारीख पाहिली. बोटावर मोजली. एकोणतीस.

"आमास्नी मनायचं एक दिस चुकवू नगा, अन् आपणच एक कमी द्यायची," त्या आता रांगेकडे वळून सांगत होत्या. "येवढा शिकलेला मानूस. एकशे ऐंशी पोरास्नी वाढती मी, एक ताट कमी पडत न्हाई. तुमीबी मोजून घ्या रं, समदे मोजून घ्या."

गोळ्या घेऊन आवारात बसलेल्या सगळ्यांनी पाकिटं मोजायला सुरुवात केली. दारात वाघमारे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या.  मीना एका खांबाला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड मात्र हसत होतं. तेवीस वर्षांत खिडकीवर माझी चूक कोणी पकडली नव्हती. मी पाकिटातून आणखी एक गोळी कापून दिली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "माझं चुकलं."

"चुकलंच," सरूबाई म्हणाल्या.

मी वही पुढे ओढली. मला विचारायचं नव्हतं, प्रश्न बदललेला होता. पण त्यांनीच सांगितलं.

"लिवा. अकरा."

मीना हळूच म्हणाली, "आवं आत्या, बारा तरी मना."

"का मनू? अकरा हाय तर अकरा. पाच आणे ऱ्हायलेत अजून. ते कसं यायचेत ते मॅडमला इचारून येते, मग जाते. तांदूळ निवडायचेत शाळंचे."

समितीचा निकाल मला तेव्हा कळला. त्या मॅडमच्या खोलीकडे गेल्या, दाराशी बसलेल्या माणसाला "सरक जरा" म्हणाल्या, आणि आत शिरल्या.

मी अकरा लिहिलं. त्याच्या वरच्या ओळींत तीनदा बारा होतं, पण त्या पानावर मला दिसणारा सगळ्यात मोठा आकडा हाच होता. मग आवारातल्या आणि रांगेतल्या सगळ्यांच्या गोळ्यांत मी एकेक वाढवली, कारण गुरुवार सगळ्यांचाच होता.